टिटवी खाली उतरली

मु. निंबखेडे, ता. चोपडा
शुक्रवार, २४ मे २०२४

माझी मातकट चादर नेलीस ती नेलीस, पण सांगून तरी न्यायची. दोन दिवस मी शेजारणीवर डोळा ठेवून होते. तिला एक टोमणाही मारून झाला. मग आठवलं, तू ती डोक्यावरून घेऊन नदीच्या वाळूत पालथी पडायचीस, पक्ष्याला माणूस दिसू नये म्हणून. पक्ष्याला नाही दिसलीस, अन् मलाही चार दिवसांत धड दिसली नाहीस. पहाटे जायचीस, ऊन डोक्यात शिरलं की यायचीस, भाकरी गिळायचीस, पुन्हा पाण्यावर. दिपमालाची पोर आजोळी आली म्हणून मी गल्लीत सांगून ठेवलं होतं. लोक विचारत, कुठे शे ती? मी म्हणे, बगळे मोजायला गेली.

चिरंजीव कामिनीस मोठ्या मायचा आशीर्वाद. हा वर लिहिला असता तर चादरीचं राहून गेलं असतं.

फोन करू नको. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं नुसत्या शिव्या ऐकू येतात. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं असलं तरी तिसरी पास आहे, वाचून घे.

एक विचारायचं आहे, नीट वाच. धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं, मग उघड्या पडलेल्या वाळूत आपला कौतिक अन् त्याची बायको ताईबाई डांगरं, म्हणजे तुमची शहरातली खरबुजं, अन् टरबुजं लावतात, ते तू पाहिलंस. वनखात्यानं पाणथळ राखीव म्हणून पाटी ठोकली, तरी त्याची वाडी पाटीच्या अलीकडे आहे म्हणून राहिली. आता ती माणसं वाडी सोडून वर कधी यायचं ते कशावरून ठरवतात, ते तुला ठाऊक नसेल. टिटवीच्या अंड्यांवरून. टिटवीनं उंचावर अंडी घातली तर पाणी लवकर अन् जास्त, लवकर निघा. खाली घातली तर उशीर, सावकाश निघा. ते बघायचं काम तुझ्या पणजीपासून आपल्या घरात आहे. मी चाळीस वर्षं बघते. लांबूनच बघायचं असतं, माणसाची सावली अंड्यावर पडू द्यायची नाही. बठ्ठे वाडीवाले, एकूण एक, मला विचारून बोचकं बांधतात.

तर दहा तारखेला, आखाजीच्या सणाला, मी पाहिलं, टिटवी वर बांधावर बसलेली, पडक्या पंपघराजवळ. चार अंडी. मी कौतिकला सांगितलं, मे सरायच्या आत नीघ. त्यानं तोंड वाकडं केलं, कारण वेलाला दुसरा बहार धरला आहे, तरी बोचकं बांधायला घेतलं. आता सोमवारी त्याचा पोरगा प्रेमराज सांगत आला की अंडी खाली आहेत, पाण्याच्या कडेला, वाळूत. मी काठी टेकत मंगळवारी गेले. लांबून पाहिलं, खरंच खाली. चार. टिटवी अंड्यांवर नव्हती, अंड्यांना गारवा द्यायला पोट भिजवून आणायला पाण्यावर गेली असेल, उन्हात जाते ती. वर बांधावर काहीच नाही.

वरची कुत्र्यानं नाहीतर मुंगसानं खाल्ली अन् तिनं दुसऱ्यांदा खाली घातली, असं असेल तर खालचीच धरायची. पाऊस लांबला असं समजायचं. पण मला खात्री पाहिजे. तू चार दिवस तिथेच पालथी होतीस. वरची कोणी खाल्ली, खाली कधी घातली, पाहिलं असशील तर खरं कळव. कौतिक रोज येऊन विचारतो, "अक्का, तुनी टिटवी काय म्हनस?" त्याला पंधरा दिवस मिळाले तर दुसरा बहार हाती येतो. पण पंधरा दिवस वाळूत राहायचं म्हणजे गंमत नाही.

लवकर लिही.

झुंबरबाई


धुळे
३० मे २०२४

प्रिय मोठी माय,

साष्टांग नमस्कार. चादरीबद्दल माफ कर. धुऊन ठेवली आहे, येताना आणते. शेजारणीची माफी तू माग, ती काही मी मागणार नाही.

स्टुडिओत लग्नांचे फोटो काढून काढून डोळे आंधळे झाले होते. वऱ्हाडी हार धरून उभे, मी म्हणायचं, जरा हसा. तुझ्याकडचे चार दिवस मी माझ्यासाठी जगले. नदीसुरयाची पिल्लं मिळाली, चित्रबलाकांचा थवा मिळाला. आणि टिटवीचा एक फोटो असा मिळाला आहे, की मागे नुसतं निळं पाणी आणि पुढे ती, अंड्यांवर पंख उघडून उभी. इथल्या एका मोठ्या स्पर्धेला पाठवते आहे. निवडला गेला तर मला लग्नांमधून सुटका मिळेल, असं स्टुडिओतले सर म्हणतात.

तू विचारलंस त्याबद्दल. वरच्या अंड्यांचं काय झालं ते मी पाहिलं नाही. मुंगूस फिरत होतं तिकडे, त्यानं खाल्ली असतील. खालची तिचीच आहेत, फोटोत ती स्वतः उभी आहे. तुझं म्हणणं बरोबर असेल, दुसऱ्यांदा घातली असतील.

पण माय, खरं सांगू का, पक्ष्याला पुढचा पाऊस कळत नाही. तिला मोकळी जागा दिसली की ती बसते. मोबाइलवर हवामान दाखवतात. मी पाहिलं, आपल्याकडे जूनच्या मध्यापर्यंत पाऊस नाही. म्हणजे तुझी टिटवी आणि माझा मोबाइल एकच सांगतात. कौतिक नानांना म्हणावं, निवांत राहा.

तुझी,
कामिनी


निंबखेडे
सोमवार, ३ जून

तुझं पत्र शनिवारी मिळालं. कौतिकला चावडीपुढं चार लोकांत सांगितलं, माझ्या नातीनं पाहिलंय, खालचीच अंडी धरायची, मृग लागून आठ दिवस जाऊ दे मग नीघ. तो इतका हसला की बिडी खाली पडली. ताईबाई मात्र फुगली. तिनं बांधलेलं बोचकं सोडावं लागलं. म्हणे, "अक्का, तुम्ही एकदा वर म्हणता, एकदा खाली म्हणता, टिटवी येडी झाली का तुम्ही?" मी म्हटलं, दोघींची वयं झाली.

अंडी आता नाहीत म्हणे, कावळ्यांनी नेली. त्यानं फरक पडत नाही. कुठे घातली ते मोजायचं, पुढे जगली का मेली ते टिटवीचं नशीब.

तुझा मोबाइल काय म्हणतो ते मला नको सांगू. त्याला निंबखेडं कुठे आहे ते तरी ठाऊक आहे का?

कौतिकनं तुझ्यासाठी एक डांगर काढून ठेवलं आहे. मी म्हटलं, पोर धुळ्याला, सडेल. तर म्हणतो, "मंग तुमी खाई ल्या. अन् तिले सांगा, पुढला साल पक्षीना नको, मना फोटू काढ म्हना. मी पन येक पायवर हुबा राहसू." तसा उभा राहून दाखवलाही, साठीचा घोडा. पडता पडता राहिला.

डांगर गोड होतं.

झुंबरबाई


धुळे
२० जून २०२४

प्रिय मोठी माय,

तुझं पत्र नाही, म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, तिकडे नदीला पाणी आलं होतं असं ऐकलं, बाकी काही माहीत नाही. तू बरी आहेस ना?

माझ्याकडे मोठी बातमी आहे. टिटवीच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं! फोटोचं नाव ठेवलं होतं 'आईची सावली'. उन्हात अंडी भाजू नयेत म्हणून ती पंखांची सावली धरते, ते परीक्षकांना फार आवडलं. वर्तमानपत्रात आला आहे. पुण्याच्या एका संस्थेनं पावसाळ्यानंतर कामाला बोलावलं आहे, पगारी. आई रडली. मी पण.

सोबत एक मोठी प्रत पाठवते आहे. भिंतीला लाव. तुझ्या गावची टिटवी आहे, गावाला दाखव.

लवकर लिही, नाहीतर मी येते.

कामिनी


निंबखेडे
शनिवार, २९ जून

फोटो मिळाला. कौतिक गेला. दोन्ही एकाच कागदावर लिहायला लागतंय, माझा इलाज नाही.

नऊ तारखेचा रविवार होता. दुपारी दोन वाजलेले. इथे लख्ख ऊन, पापड वाळत घातले होते बायांनी. वर सातपुड्यावर मात्र काळं उतरलेलं. ताईबाई त्याला म्हणाली, चला वर, मला ते काळं बरं दिसत नाही. तो म्हणाला, अक्कानं आठ दिवस सांगितलेत, उद्या सकाळी गाडी येते, टरबुजांचा ढीग असा टाकून कुठे जाऊ? पुढच्या पावसाची गोष्ट सोड, त्याच्या अंगावर थेंब पडला नाही. डोंगरातलं पाणी नाल्यानं आलं. आधी वारा आला गार, मग वाळलेल्या झाडांचा ढीग चालत यावा तसं आलं. दोघं पळाले. बांधाच्या पायथ्याशी पोचले होते. शेळी खोपीला बांधलेली राहिली. तो मागे वळला. ताईबाईनं सदरा धरला होता, सदऱ्याची बाही तिच्या हातात राहिली.

खोपी गेली, शेळी गेली, टरबुजं चेंडूसारखी वाहत गेली. प्रेमराज चोपड्याच्या बाजारात होता. कौतिक तिसऱ्या दिवशी खाली वेड्या बाभळीत अडकलेला सापडला. वाळूतली तुझी सुरयाची पिल्लं पण गेली, तुला पाहिजे तर सांगते.

दहाव्याला मी गेले. ताईबाईला पाणी द्यायला तांब्या पुढे केला. तिनं घेतला, माझ्याकडे पाहिलं अन् जमिनीवर ओतला. गावात म्हणतात, झुंबरबाईच्या जिभेनं कौतिक खाल्ला. चुकीचं काय म्हणतात? मी सांगितलं म्हणून तो राहिला.

त्यात तुझा फोटो आला. मला लांबचं बारीक दिसत नाही, पण हातातलं अजून सुईच्या नाकाएवढं दिसतं. मी तो दारात उन्हाला धरून पाहिला.

अंड्यांच्या भोवती काळी खडी आहे. बारीक, कोरदार. टिटवी घर करत नाही, खळगा करते अन् आजूबाजूला जे असेल ते भोवती लावते. वाळूत असेल तर शिंपले, गोटे. बांधावर असेल तर खडी. ही काळी खडी बांधाला लावायला मशिनीत फोडून आणलेली आहे, मी स्वतः तिच्या पाट्या वाहिल्यात रोजगार हमीवर. खाली पाण्याकडे एक खडा नाही तिचा. अन् खडीत बकरीच्या लेंड्या आहेत. कौतिकनं वाडीभोवती काटे लावले होते, तिकडे बकरी जात नव्हती, त्याची एक होती ती बांधलेली.

टिटवी चोचीनं खडी घेऊन बांध उतरत नाही, कामिनी.

मी जवळ गेले असते तर त्याच दिवशी दिसलं असतं. नेम आहे म्हणून लांब उभी राहिले. ते माझं. बाकीचं कोणाचं?

उचललीस का नाही, एवढंच लिही. दुसरं काही लिहू नको.

झुंबरबाई


धुळे
६ जुलै २०२४

मोठी माय,

उचलली.

एवढंच लिही म्हणालीस, पण एवढंच लिहून मला जगता येणार नाही. शनिवारी सकाळी. बांधावर तिच्या मागे ते पडकं पंपघर येत होतं, त्यावर गुटख्याची जाहिरात, खाली प्लास्टिकच्या पिशव्या. तीन दिवस मी तिथून प्रयत्न केला. घरातलं छोटं सूप आणलं होतं मी. खडीसकट, लेंड्यांसकट अलगद घेतली, म्हणजे तिला जागा ओळखू येईल. खाली नेऊन ठेवली. ती डोक्यावर ओरडत होती. पाऊण तासानं उतरली. उभी राहिली, पंख उघडले, मी वीस फोटो घेतले. मग उडाली ती परत आली नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मला वाटलं, मी गेल्यावर येईल. परत वर नेऊन ठेवायची तर अंधार पडत होता आणि मी थकले होते.

तुझं पत्र आलं तेव्हा खरं लिहायला बसले होते. पण घरटं हलवलं की स्पर्धेतून काढतात, वनखातं केस करतं. आणि मी मनात म्हटलं, टिटवीवरून कोण पाऊस ठरवतं? मोबाइलवर तर कोरडं दाखवत होते. मला खरंच वाटलं नव्हतं, माणूस त्यावर जीव टांगून बसेल.

पाणी तर डोंगरातून आलं ना, माय? अंडी वर असती तरी आलंच असतं ना? मी मारलं नाही ना त्यांना?

हे कोणाला सांगू नकोस. पुण्याचं काम जाईल, आईला ते सहन होणार नाही. जरा निवळू दे, मी स्वतः येऊन ताईबाईंच्या पाया पडेन. तू सांगशील ते करीन. पण आता लगेच नको.

कामिनी


निंबखेडे
रविवार, १४ जुलै

"आता लगेच नको" हे वाचलं अन् भाकरी तव्यावर जळाली. जळू दिली.

तू विचारलंस, मी मारलं का. नाही. पाण्यानं मारलं. अंडी वर असती तरी पाणी आलंच असतं, फक्त वाळूत कौतिक नसता. तो मेच्या पंचवीस तारखेलाच बोचकं बांधून बसला होता. ते सोडायला मी लावलं, तुझ्या पत्रावरून. आता तुझ्या माझ्या वाटणीचं काय ते तू ठरव, मी माझं ठरवलंय. नेमाला चिकटून लांब उभी राहिले, अंड्यांवर पक्षी नाही हे डोळ्यांनी दिसत असून पोट भिजवायला गेला म्हणाले. कारण मलाही कौतिकला पंधरा दिवस द्यायचे होते. तो रोज यायचा, हसवायचा. गोड बातमी द्यायला जीभ शिवशिवत होती. ते मी मरेपर्यंत घेऊन फिरेन. तुझं मी घेणार नाही. म्हातारीच्या पाठीत तेवढी जागा नाही.

टिटवीला पाऊस कळतो का नाही, मला विचारशील तर मलाही ठाऊक नाही. चाळीस वर्षांत ती दहा-बारा वेळा चुकली. यंदा ती बरोबर होती.

तू म्हणतेस निवळू दे. काय निवळतंय ते सांगते. ताईबाई दिवसभर ओट्यावर बसून असते, येईल त्याला एकच सांगते, मी बोचकं का सोडलं, मीच सोडलं, माझ्या हातानं गाठ सोडली. प्रेमराज तिला गप्प बस म्हणून खेकसतो, मग स्वतः भिंतीला डोकं लावून उभा राहतो. मागच्या गुरुवारी तो काठी घेऊन बांधावर गेला अन् टिटव्यांची अंडी दिसली तेवढी फोडली. तीन जागची. टिटव्या डोक्यावर ओरडतात अन् हा खाली शिव्या देतो, खोटारडी जात, माझा बाप खाल्ला. वनखात्याचा माणूस आला, पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, पुन्हा केलं तर आत टाकू. मी दारातून पाहत होते. टिटवीचा काय दोष, प्रेमराजचा काय दोष, ताईबाईचा काय दोष. पण नाव तिघांवर येतंय.

मी सांगायला गेले होते. खोटं नाही बोलत, परवा गेले. तोंड उघडलं, तुझं नाव घेतलं, तर प्रेमराज म्हणाला, "आते नातवर ढकलस का, अक्का? पोर पार धुळ्याले बसेल शे, तिना काय संबंध?" उठून आले. माझा शब्द या गावात आता कोणी घेत नाही. मी पाऊस पडतोय म्हटलं तर लोक हात बाहेर काढून बघतील. म्हणून माझ्यानं होणार नाही. तुझ्यानंच होईल.

तर आता ऐक. इकडे यायचं नाही. पाया पडायला तर नाहीच. तू रडशील, ताईबाई तुला उठवील, पोर लहान आहे म्हणून चहा करील, अन् झालं. मला ते नकोय. ती फार साधी आहे, तिला रडणाऱ्यापुढं राग टिकवता येत नाही.

कागद घे. जसं मला लिहिलंस तसं लिही. शनिवारी सकाळी, सुपात घेऊन, खडीसकट. तीन दिवस पंपघर फोटोत येत होतं म्हणून. आजीनं विचारलं तेव्हा मुंगूस म्हटलं, ते पण लिही. ते सगळ्यात वर लिही. मोबाइलचं लिहू नको, थकले होते ते लिहू नको, पुण्याचं लिहू नको. खाली तुझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. स्पर्धावाल्यांना काय कळवायचं ते तुझं तू बघ, पण तो फोटो प्रेमराजच्या हातात कोणीतरी देईल त्याआधी बघ. इथे पण लोक पेपर वाचतात. तुझ्या आईला, दिपमालाला, मी काही लिहिलेलं नाही. तिलाही तूच सांग, अन् तिला माझ्याकडे पाठवू नको.

पत्र ताईबाईच्या नावानं पाठव. तिला वाचता येत नाही, प्रेमराज वाचील. त्यानं मोठ्यानं वाचावं असं पाकिटावर लिही, म्हणजे ओट्यावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल. मी तिथे बसेन. ऐकू आलं नाही तरी त्यांच्या तोंडावर दिसेल.

मग ती काय म्हणेल ते मला ठाऊक नाही. शिव्या देईल, वनखात्यात जाईल, कदाचित काहीच म्हणणार नाही. तिला तू काही सुचवायचं नाही, मी सुचवणार नाही. माफ करा हा शब्द तुझ्या पत्रात असेल तर मी पाकीट उघडूही देणार नाही, पोस्टमनकडून परत पाठवीन. मागितली की तिला द्यावी लागेल.

मला उत्तर लिहू नको, आलं तर चुलीत घालीन. तू ताईबाईला लिहायचं, अन् उत्तर ताईबाईनं द्यायचं, दुसऱ्या कोणी नाही.

झुंबरबाई